चिकाचा आठवडा

आईचा उजवा खांदा दिवाळीपासून जाम आहे. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, आई म्हणते ‘हात धरलाय’. हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी वहिनी घालून देते. धुळवडीच्या संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मला वाटलं खांद्याचंच काहीतरी असेल.

“यंदा कुरडया तू करायच्यास,” ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही.

“वहिनीला अंजिरातनं डोकं वर काढायला सवड न्हाई. सूनबाईला घेऊन ये. पण चीक हाटायला जोर लागतो, तो तू लाव. पाडव्याच्या आधीचा आठवडा रजा टाक.”

चाळीस वर्षं मी कुरडया खातोय. लग्नातल्या पंगतीत, श्रावणात वरणभाताबरोबर, पावसाळ्यात भाजीला काही नसलं की कुरडयांची भाजी. त्या कशा होतात हे मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. गहू भिजवतात, वाटतात, शिजवतात, सोऱ्यातून पाडतात. चार क्रियापदं. त्यातल्या एकेका क्रियापदाला एकेक दिवस लागतो हे मला रजेचा अर्ज भरताना कळलं.

घर सासवडच्या पलीकडे. पुण्याहून दिवे घाट चढून गेलं की हवा बदलते, डोंगर उघडे दिसायला लागतात आणि मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला अंजिराच्या पाट्या घेऊन माणसं बसलेली असतात. दादाची साठ झाडं आहेत. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा दादानं गावात पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच व्यापाऱ्याला नेहमीच्याच भावात माल दिला. मीठा बहार या दिवसांत ऐन भरात असतो, म्हणून दादा-वहिनी पहाटे चारला झाडाखाली. घरी आई, दोन गायी, एक शेळी आणि आता आम्ही चौघं. पोरांची परीक्षा एप्रिलात होती म्हणून बायकोनं पुस्तकांची पिशवी बरोबर घेतली. ती पिशवी रविवारी जशीच्या तशी परत गाडीत ठेवली.

आईनं वेळापत्रक उलटं मोजलं होतं. रविवारी पाडवा. शनिवारी अमावास्या, त्या दिवशी ती काही नवं चुलीवर चढवत नाही. म्हणजे शुक्रवारी पहाटे चीक शिजायला हवा, गुरुवारी वाटायला हवा, आणि तीन दिवस भिजवण म्हणजे सोमवारी गहू पाण्यात. सोमवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ती ओट्यावर सूप घेऊन बसली होती. डाव्या हातानं पाखडायचा प्रयत्न चालला होता आणि गहू अंगणभर झाले होते. कोंबड्या खूश होत्या.

“दोन पायल्या घे.”

आता ही पायली. आमच्या घरात पितळेची, काठाला पोचा आलेली एक अधोली आहे. ती दोनदा भरली की पायली. मी वजनकाटा काढला. एक पायली साडेतीन किलोच्या आसपास भरली. मी ते वहीत लिहून घेतलं, कारण यंदा सगळं नीट लिहून ठेवायचं असं ठरवून आलो होतो. बायको नगरकडची. तिच्या माहेरची पायली आमच्या दुपटीएवढी. लग्नाच्या पहिल्या वर्षी आईनं “पायलीभर गहू भिजव” सांगितलं होतं आणि हिनं भिजवले होते ते पाहून आई दारातच बसली होती. त्या वर्षी अर्ध्या गावानं आमच्या कुरडया खाल्ल्या.

गहू लोकवन. आईच्या मते चीक काढावा तर लोकवनचाच. हे नाव मी लहानपणापासून ऐकतोय, पण ते मुळात ‘लोक-1’ आहे आणि गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत ते वाण तयार झालं, हे मला खूप मोठेपणी कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, “आसंल. पाणी वत.”

मंगळवारी पाणी बदललं. बुधवारी पाणी बदललं. यात सांगण्यासारखं फक्त वासाचं आहे. दुसऱ्या दिवसापासून पिंपातून असा वास येतो की धाकट्यानं नाकाला रुमाल बांधून फिरायला सुरुवात केली. आंबूस, ओल्या पोत्यासारखा, आणि मध्येच गोडसर. दाणे बोटांत दाबले की पांढरं दूध बाहेर येतं. आई रोज सकाळी पाच-सहा दाणे दाबून बघायची. बुधवारी संध्याकाळी तिनं दाबलेला दाणा माझ्या तळहातावर ठेवला. साल एकीकडे, पांढरा ठिपका एकीकडे. “असा सुटला पायजे,” ती म्हणाली. वहीत मी लिहिलं होतं ‘72 तास’. ती म्हणाली थंडी असली तर चार दिवसही लागतात. मी 72 खोडलं.

मधले दोन दिवस मला काही काम नव्हतं, म्हणून वहिनीबरोबर पहाटे अंजीर तोडायला गेलो. शहाणपणा केला नसता तर बरं झालं असतं. वहिनी हाताला आधी खोबरेल चोळते, बाह्यांचा जुना शर्ट घालते. मी टी-शर्टावर. पिकलेलं अंजीर देठापासून खुडलं की देठातून दुधासारखा थेंब येतो, तो चीक. पहिल्या पाचसात फळांना काही वाटत नाही. तासाभरानं बोटांच्या बेचक्यात आग व्हायला लागते, आणि आपण त्याच हातानं कपाळ पुसलेलं असतं. या चिकात फिसिन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं फोडतं. दुधात टाकलं तर दूध फाटतं. माणसाची कातडीही प्रथिनांचीच.

“भावजी, त्वांड पुसू नका,” वहिनी म्हणाली, तोवर मी पुसलं होतं.

पण पहाटेच्या त्या तासाचं मोलही सांगायला हवं. झाडांवर जाळी असते तरी कुठून तरी बुलबुल आत शिरतात आणि नेमकं सगळ्यात गोड फळ टोचून ठेवतात. टोचलेलं फळ पाटीत जात नाही, ते तोडणाऱ्याचं. उभं चिरून आतलं गुलाबी, मधाळ, दाणेदार, पहाटेच्या गारव्यानं थंड झालेलं. मी अकरा खाल्ली. पाटीत अंजिराचंच पान खाली, मग फळांचा थर, मग परत पान. सहाला दादा पाट्या मोटारसायकलला बांधून निघाला, आणि तेव्हा कुठे कडुनिंबावर तांबट पक्षी सुरू झाला, टुक टुक टुक, जणू कुणी दूर भांड्याला पोचे काढतंय. कडुनिंबाला नवी पालवी आली होती, तांबूस, अजून हिरवी न झालेली, आणि मोहोर अंगणभर सांडलेला.

गुरुवारी वाटण. पूर्वी पाटा-वरवंटा होता, आईचा खांदा बहुधा तिथेच कामी आला असावा. आता चुलतकाकूंकडे हातानं फिरवायचं यंत्र आहे, ओले गहू वरून टाकायचे आणि दांडा फिरवायचा. दांडा मी धरला. वरून गहू घालायला मुलगी. काकू, त्यांची सून आणि बायको पिळायला. याला आमच्याकडे सावड म्हणतात; आज तुमच्यात, उद्या आमच्यात. पैशाचा संबंध नाही, पण हिशोब चोख असतो. काकूंच्या पापडाला आईचा एक दिवस होता, तो यंदा बायकोनं मे महिन्यात फेडायचा असं तिथल्या तिथे ठरलं. बायकोला कुणी विचारलं नाही.

वाटलेलं सगळं परातीत घेऊन पाण्यात कालवायचं आणि मूठमूठ पिळायचं. हाताला आधी राठ चोथा लागतो, मग त्यात एक रबरासारखा चिवट लगदा. तो गव्हाचा चिवटपणा, पोळी ज्याच्यावर लाटली जाते तो. कुरडईला तो नको असतो. पांढरं पाणी गाळणीतून पिंपात, चोथा परत पाण्यात, परत पिळायचा. तीनदा. तिसऱ्यांदा पाणी जवळजवळ निवळ आलं तेव्हा आई म्हणाली, “बास.” अंजिराच्या चिकानं सोललेल्या माझ्या बोटांना ते आंबट पाणी असं झोंबत होतं की मी दर दोन मुठींनंतर हात झटकत होतो. काकूंनी ते बघितलं आणि हसल्या.

“येका चिकानं खाल्लं, दुसऱ्यानं चाटलं.”

चोथा टाकून द्यायचा नसतो. थोडा गायीला जातो. बाकीच्यात तिखट, मीठ, जिरे, तीळ घालून भुसवड्या करतात. मला कुरडईपेक्षा भुसवडी जास्त आवडते हे मी या घरात कधी उघड बोललेलो नाही.

पिळता पिळता काकूंच्या सुनेनं खालच्या आवाजात माझ्या बायकोला विचारलं, “बाजूला न्हाईस ना तू?” कुरडयांवर पाळीच्या बाईची सावली पडली की त्या लाल होतात, असं इकडे सर्रास मानतात. बायको काही बोलायच्या आत ओट्यावरून आई म्हणाली, “गेल्या साली माझ्या हातच्या लाल झाल्या. माझं वय त्र्याहत्तर. कुणाची सावली पडली सांग बरं?” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, “चीक जास्ती आंबला, नाहीतर बुडाला लागला, की लाल होतो. बाईनं न्हाई होत.” विषय तिथे संपला. आईला मी या बाबतीत इतकं सडेतोड कधी ऐकलं नव्हतं. माझ्या बहिणीच्या लहानपणी हे असं नव्हतं, तेही आठवतंय.

त्याच दुपारी काकूंनी तांब्या आणून दिला. बुधवारी त्यांची गाय व्याली होती. पहिला चीक वासराचा, तो त्याला पोटभर पाजल्याशिवाय त्या घरात आणत नाहीत. दुसऱ्या दिवसाचा हा, पिवळट, दाट, हिंदकळताना जड वाटणारा. आईनं त्यात तेवढंच दूध, किसलेला गूळ आणि जायफळ घालून डबा उकळत्या पाण्यात ठेवला. विरजण नाही, काही नाही. नुसत्या वाफेवर अर्ध्या-पाऊण तासात खरवस धरला. सुरीनं कापताना आतून छोटी छोटी भोकं दिसली की जमला.

मुलगी वडी तोंडात टाकून म्हणाली, “बाबा, अंजिराचा पण चीक, गव्हाचा पण चीक, गायीचा पण चीक. असं कसं?”

मी म्हणालो, तिन्ही पांढरे असतात. ती म्हणाली, गायीचा पिवळा आहे. मी म्हणालो, तिन्ही चिकट असतात. ती विचार करून म्हणाली, मग फेविकॉल पण चीक. आईला हे फार आवडलं. जाईपर्यंत ती भेटेल त्याला फेविकॉलचं सांगत होती. काकूंचा तांब्या रिकामा परत द्यायचा नसतो. त्यात वहिनीनं टोचलेली अंजिरं भरून पाठवली.

रात्री गाळलेलं पाणी पिंपात झाकून ठेवलं. हलवायचं नाही, धक्का लावायचा नाही. धाकट्याला त्या बाजूला खेळायला बंदी. रातभरात सत्त्व खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं.

शुक्रवारी पहाटे साडेतीनला आईनं हाक मारली. मी अंगणात बाजेवर झोपलो होतो. मार्चअखेर इथे दुपारी अंग भाजतं आणि पहाटे गोधडी लागते. दक्षिणेला विंचवाचं नक्षत्र अगदी वर आलं होतं, चतुर्दशीची कोर अजून उगवायची होती. बायकोनं तीन दगडांची चूल रात्रीच मांडून ठेवली होती. खाली तुरकाट्या, वर बाभळीची दोन फाटी. पितळी पातेलं, आजीच्या वेळचं, कल्हई केलेलं.

पिंपातलं वरचं पाणी मी वाटीवाटीनं काढलं. तळाला पांढरा गोळा बसला होता, इतका घट्ट की बोट रोवलं तर खळगा पडायचा, आणि बोट काढून घेतलं की तो खळगा हळूच आपोआप भरून यायचा. धाकटा उठून आला होता, त्यानं दहा मिनिटं हाच खेळ केला. पाच वर्षांच्या पोराला मध्यरात्री उठून बोटानं चीक दाबण्यापेक्षा मोठं सुख नसावं. थोडं पाणी घालून तो सारखा केला आणि तांब्यानं मोजला. सात तांबे.

“जेवढा चीक तेवढं पाणी,” आई म्हणाली. “वर येक लोटी चुलीची.”

“चुलीची म्हणजे?”

“चूल पिती ती.”

म्हणजे आटतं ते. हे मी वहीत लिहिलं. वही तिथेच ठेवली आणि मग दिवसभर उघडली नाही.

एवढ्या चिकाचे दोन घाणे करायचे ठरले. पहिला साडेतीन तांब्यांचा. पाणी उकळलं, त्यात मीठ, हिंग, दोन पळ्या तेल. आता चीक ओतायचा आणि त्याच वेळी हाटायचा. मी ओतला. पातेलं जड होतं, हाताला वाफ लागत होती, म्हणून मी सगळा एकदम ओतला आणि मग उलथनं उचललं.

“आरं! आरं धार धर, धार!”

तोवर उशीर झाला होता. उकळत्या पाण्यात चीक जिथे पडतो तिथेच शिजतो. बाहेरून पारदर्शक, आत कच्चा पांढरा, अशा लिंबाएवढ्या गाठी एकामागून एक वर आल्या. मी जोरात हाटायला लागलो. बायकोनं दुसरं उलथनं घेतलं. आई ओट्यावरून उतरून चुलीपाशी आली आणि डावा हात पुढे करून नुसतीच उभी राहिली. त्या हातात काही नव्हतं. मला वाटतं तिला उलथनं ओढून घ्यायचं होतं. आयुष्यभर तिनं ते ओढून घेतलं असतं.

“जाळ वढ मागं,” ती शेवटी म्हणाली. “कडंला घासून गाठ फोड. मधी नको मारू, कडंला.”

मी लाकडं मागे ओढली. पातेल्याच्या कडेला दाबून एकेक गाठ फोडली, बऱ्याच फुटल्या, सगळ्या नाही. पंचवीस मिनिटं. हाटताना पहिल्यांदा ताक हलवल्यासारखं वाटतं, मग पिठल्यासारखं, मग एकदम उलथनं जागच्या जागी अडकतं आणि खांद्यापासून ताकद लावावी लागते. माझा उजवा खांदा कुठल्या सांध्यात सुरू होतो ते मला त्या पहाटे समजलं. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा झाला, चकाकायला लागला. आईनं बोट पाण्यात बुडवून वरून दाबलं. बोटाला चिकटला नाही. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ.

फोडलेल्या न फुटलेल्या गाठींचं काय, तर त्या पोरांनी खाल्ल्या. गरम चीक वाटीत, त्यावर दूध-साखर. मला लहानपणी तेल आणि लसणाची चटणी घालून आवडायचा, अजून आवडतो. जीभ भाजते, टाळूला चिकटतो, आणि थांबवत नाही. दादा-वहिनी अंजिराच्या पाट्या टाकून चुलीपाशी आले, उभ्या उभ्या खाल्ला आणि परत गेले. वहिनीनं घास घेता घेता पातेल्यात डोकावून बघितलं. काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण.

दुसऱ्या घाण्याला बायकोनं बारीक धार धरली आणि मी हाटलं. एक गाठ नाही. आई म्हणाली, “येकट्याचं काम न्हाई हे, म्या कधी केलंच न्हाई येकटीनं. तुझी आत्या वतायची.” मग माझ्याकडे बघून, “तुला सांगायचं राहिलं.” मी तेवढ्यावर समाधान मानलं.

मागल्या अंगणात दादानं शेततळ्याचा उरलेला काळा कागद अंथरला होता, त्यावर आईची जुनी सुती लुगडी. पितळी सोऱ्याला आतून तेलाचं बोट, मधली जाळी, गरम चीक ठासून भरायचा आणि गार व्हायच्या आत पाडायचा. गार झाला की दांडा फिरत नाही. काकू आणि त्यांची सून सहाच्या ठोक्याला हजर. काकूंचा हात असा की सोऱ्या गोल फिरतो आणि खाली तीन वेढ्यांची, तळहाताएवढी कुरडई आपोआप पडत जाते, एकीसारखी दुसरी. माझी पहिली चंद्रकोरीसारखी आली. मुलीची माझ्यापेक्षा बरी. पहिल्या घाण्यातल्या गाठी जाळीत अडकायच्या, तार तुटायची, मग सोऱ्या उघडून काडीनं भोकं मोकळी करा, परत भरा. आई मागून येत तुटक्या कुरडयांची टोकं चिमटीनं जोडत होती, ओणवी होऊन, डाव्या हातानं. ऊन अंगणात आलं तेव्हा दोनशे बारा झाल्या होत्या. मोजल्या मुलीनं, त्यामुळे आकडा बरोबर आहे.

मग राखण. ओल्या कुरडईवर कावळा येत नाही असं म्हणतात, पण आमच्याकडचे कावळे ते ऐकून नसावेत. काठीला काळं फडकं बांधून उभं केलं. धाकट्याला सोटा देऊन बाजेवर बसवलं. त्यानं कावळ्यांकडे इतकं नीट लक्ष ठेवलं की शेळी दुसऱ्या बाजूनं येऊन सहा कुरडया खाऊन गेली. दोनशे सहा.

दुपारी जेवणं झाल्यावर सगळे कडुनिंबाखाली पसरले. काकू चिंचा फोडत बसल्या होत्या, त्यांच्या हातोडीचा टकटक आवाज आणि वरती तांबटाची टुकटुक. मोहोर अंगावर पडत होता. मला इतकी गाढ झोप लागली की ऑफिसचा फोन दोनदा वाजून गेला.

शनिवारी सकाळी लुगडी उलटी करून मागून पाण्याचा हबका मारला आणि कुरडया एकेक करून सोडवल्या. वरून कडक, खालून अजून दमट. परत उन्हात. तीनच्या सुमाराला जेजुरीच्या बाजूनं ढग चढले. या दिवसांतला पाऊस म्हणजे कुरडयांचं नुकसान, पण दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. पिकल्या अंजिरावर पाऊस पडला की फळ उकलतं, आणि वर तांबेऱ्याची भीती. तो बागेकडे पळाला, आम्ही अंगणाकडे. चार कोपरे चौघांनी धरून लुगडी तशीच्या तशी उचलली आणि आतल्या खोलीत गहू-बाजरीच्या कणग्यांवर, पलंगावर, शिलाई मशीनवर पसरली. बारा-पंधरा थेंब पडले. मातीचा वास आला, शेळी ओरडली आणि ढग घाटाकडे निघून गेले. आम्ही सगळं परत बाहेर नेलं. आई म्हणाली, “अमावास्येला हे असंच.”

पाडव्याला दादानं कळकाची काठी धुतली, वहिनीनं जरीचा खण नेसवला, कडुनिंबाचा मोहोरासकट डहाळा, साखरेची गाठी, वर तांब्या उपडा. गाठीचा एक पदक धाकट्यानं गुढी उभी राहायच्या आधीच चाटून ठेवला होता, तो मागच्या बाजूला वळवला. कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, जिरे, चिंच यांची गोळी सगळ्यांनी तोंड वाकडं करून खाल्ली. पुरणपोळी, कटाची आमटी, आणि नव्या कुरडया तळायच्या.

तेल तापलं. वहिनीनं एक सोडली. काडीसारखी पिवळट, बारीक कुरडई तेलात बुडाली, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग एकदम आतून कुणी फुंकर मारल्यासारखी फुलली, चौपट, पांढरीशुभ्र. लाल नाही. काकूंची सून नेमकी तेव्हाच डबा द्यायला दारात आली होती, तिनंही बघितली.

आम्ही निघायच्या आधी आईनं वाटणी केली. ती या बाबतीत बँकेपेक्षा कडक आहे. बहिणीला पन्नास, तिच्या सासूला वीस वेगळ्या, सावडीच्या काकूंना पंचवीस, मुंबईच्या मामांना तीस, पाडव्याला तळल्या त्या दहा, घरात पावसाळ्याला चाळीस. एकेक उजेडात धरून बघायची आणि योग्य त्या डब्यात टाकायची. ज्यांच्यात मध्येच पांढरा ठिपका दिसायचा, जिथे तार तुटून परत जोडलेली होती, त्या ती बाजूला काढत गेली.

“ह्या कुणाच्या?” मी विचारलं.

“तुझ्या,” ती म्हणाली. “गाठीच्या परक्याच्या दारात कशाला घालायच्या?”

एकतीस भरल्या.